लोवेल ब्राटेनची तिप्पट

लोवेल ब्राटेनने पहिल्या विचारण्याला कॉफी घेतली असं नॉर्डालमध्ये कुणी कधी पाहिलेलं नाही. तशी आमच्या गावात ती कुणीच घेत नाही म्हणा. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, नको, आत्ताच झाली. दुसऱ्यांदा विचारलं की, नको हो, उगाच कशाला. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप. आणि मग तो अर्धा कप चार वेळा भरून घ्यायचा. पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर त्याला ताप तरी आलेला असतो.

ताटातल्या शेवटच्या वडीचं तर विचारूच नका. चर्चच्या तळघरात लिंबाच्या वड्यांचं ताट फिरतं, शेवटची एक उरते, आणि मग तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. कुणीतरी सुरीने तिचा अर्धा घेतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा, तिसरा त्याचा अर्धा. शेवटी ताट धुवायला जातं तेव्हा त्यात डाळीएवढा तुकडा असतो आणि सगळे समाधानाने घरी जातात. लोवेल असल्या तुकड्याचेही दोन भाग करणारा माणूस होता.

आता अशा गावात देवाने त्याला काम कुठलं द्यावं? तर लोकांना काय हवं ते विचारून तेवढं वाटून देण्याचं. मिनेसोटातल्या शेतकऱ्यांच्या पिकांचा गारपिटीपासून विमा उतरवणारी आमची कंपनी. तळमजल्यावर काचेच्या खोलीत तिचा मेनफ्रेम संगणक, कपाटांएवढाल्या पेट्यांचा, आणि त्या मेनफ्रेमवरच्या डेटाबेसची मेमरी कुणाला किती द्यायची हे लोवेल ठरवायचा. डेटाबेसचा सर्व्हर आपल्याजवळ तक्ते ठेवतो. एकेका विभागाचा एकेक तक्ता. पडद्यासमोर बसून काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यात एक ओळ लागते. आणि ग्यानबाची मेख अशी की किती ओळी लागणार ते सर्व्हर सुरू करण्याआधीच सांगावं लागतं. पंगत बसायच्या आधी पाट मांडून ठेवावेत तसं. कमी मांडले तर उशिरा आलेला उभा राहतो. जास्त मांडले तर कुणी बसो न बसो, जागा अडते, आणि मेमरी काही लोवेलच्या आजोबांच्या शेताएवढी नव्हती.

तर दर वसंतात लोवेल विभागाविभागांत फिरायचा आणि विचारायचा, यंदा किती? आणि प्रत्येक विभागप्रमुख जमिनीकडे बघत म्हणायचा, आमचं काय हो, तीसएक पुरतील, वीस असले तरी भागवू, दुसऱ्यांना लागत असतील तर आमचे काढा. लोवेल मान डोलवायचा, खाली यायचा आणि नव्वद लिहायचा. आमच्या गावातला माणूस गरजेचा तिसरा हिस्सा तोंडाने बोलतो, हे त्याने नोकरीच्या पहिल्याच वर्षी ताडलं होतं. पंचवीस वर्षं तो गुपचूप तिपटीने देत आला आणि पंचवीस वर्षं सगळ्यांना सगळं बरोब्बर पुरलं. लोक म्हणायचे, बघा, आम्ही किती थोडक्यात भागवतो. लोवेल यावर कधी काही बोलला नाही. मनातल्या मनात मात्र फुगायचा, खोटं कशाला सांगू.

असं सगळं छान चाललेलं असताना जानेवारीत शिकागोहून वांडा पावलाक आली.

नुकसानीचे दावे बघणाऱ्या विभागाचा जुना प्रमुख निवृत्त झाला होता. त्याच्या जागी डेलने, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबाने, हिला जून अखेरपर्यंतच्या बोलीवर आणलं. तोवर दोघांनाही पटलं तर कायम, नाहीतर रामराम. पोलिश घरातली, पंचावन्नच्या आसपासची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज असा की जिन्यावरून ऐकू यावा. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, कॉफी घेणार? ती म्हणाली, हो, आणि साखर दोन चमचे. ऑफिस गार पडलं. दुपारी डेलच्या वाढदिवसाच्या वड्यांचं ताट फिरलं, शेवटची वडी उरली, सगळ्यांनी सुरीकडे नजर टाकली, आणि वांडाने ती अख्खी उचलून तोंडात टाकली. वर म्हणाली, मस्त झाल्यात, कुणी केल्या?

त्या क्षणी लोवेल ब्राटेन, वय वर्षं साठ, आठ वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून घर, ऑफिस आणि चर्च याखेरीज कुठेही न गेलेला, कामातून गेला. वड्या केलेल्या आर्लीसने, त्याच्या थोरल्या बहिणीने, त्याचं तोंड बघितलं आणि तिथल्या तिथे ओळखलं. आर्लीस पॉलिसी विभागात होती आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

फेब्रुवारीत वांडाने दहा जणांना घरी जेवायला बोलावलं, त्यांत लोवेलही होता. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. शिकागोहून खास सॉसेज मागवले होते. दहाच्या दहा जण म्हणाले, अहो नको, तुम्ही नवीन, तुम्हाला कशाला त्रास. ती म्हणाली, ठीक आहे. बेत रद्द झाला. ते सॉसेज मग तिने एकटीने आठवडाभर डब्यात आणले. मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ अजून तसाच असताना, तिने लोवेलला एकट्यालाच गाठून विचारलं. ईस्टरच्या आधीचा उपास चालू होता आणि शुक्रवारी तिच्यात मांस चालत नसे. माजी सैनिकांच्या क्लबात शुक्रवारी ताजा मासा तळतात, येता का माझ्याबरोबर? लोवेलला अर्थातच जायचं होतं. तोंडाने मात्र, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, तो म्हणाला, "नको, उगाच तुम्हाला अडचण." आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा राहिला. वांडा म्हणाली, बरं. आणि गेली. लोवेल तिथेच फायलींच्या कपाटाला टेकून उभा राहिला. तिला वाटेत आठवेल आणि ती परत येईल, असं त्याला खरंच वाटलं होतं.

त्यानंतर त्याचा जीव टांगणीला लागला. एप्रिल गेला, मे आला. दर शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि तसाच न चुरगळलेला घरी न्यायचा. आर्लीसने एका रविवारी त्याला चर्चच्या पायऱ्यांवर धरलं आणि सरळ विचारलं की ती पुन्हा विचारेल म्हणून बसलायस का. लोवेल म्हणाला, मनापासून असतं तर विचारलं असतं की. तर मग तूच का विचारत नाहीस? त्यावर लोवेलने नियमच सांगितला: बोलावणं तिचं, तेव्हा पुढच्या दोन वेळा तिच्या. मेरियनला, त्याच्या बायकोला, त्याने लग्नाचं एकाच बाकावर एकाच संध्याकाळी तीनदा विचारलं होतं, आणि तिसऱ्याला ती हो म्हणाली होती. रीत अशी असते.

"अरे शहाण्या," आर्लीस म्हणाली, "मेरियन आपल्या गल्लीतली होती. हिला तुझी रीत कुणी सांगितलीय? आणि ही जूनमध्ये चाललीय, कळलं का? डेलला सांगून आलीय परवा."

ते त्याला माहीत नव्हतं. वांडा डेलला म्हणाली होती की काम आवडलं, पण इथे आपण कुणालाच नकोय. कुणाला काही विचारलं की नाहीच म्हणतात. ज्यांना आपण नकोय त्यांच्यात कशाला राहायचं, त्यापेक्षा आपलं शिकागो बरं. डेलने हे आर्लीसला सांगितलं होतं. वांडाला तो फक्त एवढंच म्हणाला होता, असं का, बरं बरं. थांबा म्हणायचं त्याच्या फार मनात होतं. पण आमच्याकडे असं कुणाच्या गळ्यात पडतात का!

याच सुमारास लोवेल नेहमीप्रमाणे तक्त्यांची विचारपूस करत फिरत होता. वांडाच्या टेबलापाशी पोचला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती. त्याने विचारलं, यंदा किती ओळी? वांडाने समोरचं काम बाजूला सारलं, माणसं मोजली, गावोगाव नुकसान बघत फिरणारे पाहणीदार मोजले, आणि म्हणाली, दोनशे. लोवेलने मान डोलावली. ती म्हणाली, दोनशे म्हणजे दोनशे. कमी देऊ नका आणि जास्तही नकोत.

तो जिना उतरला तो जवळजवळ तरंगतच. बघा, किती सभ्य बाई. चार महिन्यांत आपल्यासारखी बोलायला लागली. जास्तही नकोत म्हणाली! आणि त्याने दाव्यांच्या तक्त्यासमोर सहाशे लिहिले. जुना प्रमुख सत्तर सांगायचा आणि लोवेल दोनशे दहा लिहायचा, हे त्याला आठवायला हवं होतं. एरवी आठवलंही असतं. पण त्या दिवशी त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. शिवाय यंदा नवे पाहणीदार जोडले जाणार होते, अशी त्याने स्वतःची समजूतही घातली. खरं सांगायचं तर त्याला तिला काहीतरी द्यायचं होतं, आणि त्याच्याजवळ देण्यासारखी ही मेमरी तेवढी होती. दुसऱ्याने फुलं दिली असती.

रविवारी चर्च आटोपल्यावर त्याने नवे आकडे घातले आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. छान सुरू झाला. सुरू न व्हायला काय झालं, रविवारी कामाला होतंच कोण? दाव्यांच्या तक्त्याने आपल्या सहाशे जागा अडवून घेतल्या आणि बाकीच्यांना मिळून जेमतेम हात हलवण्यापुरती मेमरी उरली. त्याच दुपारी पश्चिमेकडच्या गावांवर मोसमातली पहिली मोठी गारपीट झाली. सोया नुकता वर आला होता तो पार झोपला.

सोमवारी सकाळी फोन घणघणायला लागले. सगळे जण आपापल्या पडद्यासमोर बसले, आणि पॉलिसी विभागाचे पडदे काळे पडले. मग विम्याचे हप्ते बघणाऱ्या विभागाचे. मग सगळा डेटाबेसच आडवा झाला. लोवेलने पुन्हा सुरू केला, तो माणसं कामाला लागताच पुन्हा आडवा झाला. फोनवर शेतकरी, हातात कागद-पेन्सिल, आणि जी पॉलिसी शोधायची ती यंत्राच्या पोटात. लोवेलने सगळ्यांचे आकडे तपासले. दाव्यांचा आकडा मात्र त्याने तपासला नाही, कारण तो त्याने मनापासून दिला होता.

डेलने सगळ्या प्रमुखांना आणि लोवेलला आपल्या खोलीत बोलावलं. आर्लीसही आली, पॉलिसीवाल्यांच्या वतीने. सर्व्हर सुरू होताना जो कागद छापून बाहेर येतो तो डेलच्या हातात होता, आणि त्यावर दाव्यांसमोर सहाशे, इतरांसमोर साठ-नव्वद, हे कुणालाही दिसत होतं.  आमच्याकडे बोलत नाहीत, कॉफीच्या कपात बघतात. पण त्या बघण्यात सगळं होतं: शिकागोची बाई, हिला मागायची सवय, अख्खी वडी उचलणारी. हप्त्यांचा प्रमुख एवढंच म्हणाला की आम्ही तर वीसमध्येही भागवलं असतं. डेलने घसा खाकरला आणि फार हळुवारपणे वांडाला विचारलं, कदाचित गरजेपेक्षा थोडंसं जास्त सांगितलं गेलं असेल का?

"मी दोनशे सांगितले," वांडा म्हणाली. तिचा जिन्यावरून ऐकू येणारा आवाज त्या दिवशी टेबलापलीकडेही नीट येत नव्हता.

 आता सगळं लोवेलच्या डोळ्यांपुढे लख्ख झालं. गप्प राहिला तर कुणी खोदून विचारणार नव्हतं. कुणालाही दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांनी मूग गिळले असते आणि वांडा जूनमध्ये हावरट ठरून गेली असती. बोलायचं तर पंचवीस वर्षांचं गुपित या सगळ्यांच्या समोर उघडं करायचं, म्हणजे यांच्या तोंडावर सांगायचं की तुमच्यातल्या एकानेही कधी खरं सांगितलेलं नाही.  आर्लीस त्याच्याकडे एकटक बघत होती.

"त्यांनी दोनशेच मागितले," तो म्हणाला. "सहाशे मी लिहिले. मला वाटलं, त्या भिडेपोटी कमी सांगतायत."

डेलला कळेना. मग लोवेलने सगळंच सांगून टाकलं, तिपटीसकट. डेलने विचारलं, म्हणजे आमचं सगळ्यांचंच तू असं करत आलास? लोवेल म्हणाला, हो, पहिल्यापासून.  हप्त्यांच्या प्रमुखाचे कान लाल झाले. वीसमध्ये भागवणाऱ्या त्या माणसाच्या नावापुढे साठ होते, आणि ते साठही त्याला कसेबसे पुरत.

वांडा एवढंच म्हणाली, "म्हणजे मी सांगितलेलं तुम्ही ऐकलंच नाही."

त्याच्या चुकीबद्दल त्याला कुणी ओरडलं असतं तरी इतकं लागलं नसतं. तो खाली गेला, सहाशे खोडून दोनशे लिहिले, सर्व्हर सुरू केला. जेवणाच्या सुट्टीआधी सगळे पडदे उजळले आणि दुपारभर दावे एकामागून एक नोंदले गेले. दोनशे ओळी जवळजवळ सगळ्या भरल्या, आणि पुरल्या. बाईने मोजायचं म्हणजे काय मोजलं होतं!

काम ओसरल्यावर ती स्वतःच खाली आली. लोवेल उठून उभा राहिला. ती बसली नाही. तिला एकच जाणून घ्यायचं होतं. फेब्रुवारीत दहाच्या दहा जणांनी नको म्हटलं, ते काय होतं?

लोवेलने सांगितलं. सगळे येणार होते. आणखी दोनदा विचारण्याची वाट बघत होते. आर्लीसने तर वड्याही करून ठेवल्या होत्या. त्या संध्याकाळी हप्त्यांचा प्रमुख कोट चढवून फोनजवळ बसला होता म्हणे, बायको शेवटी चिडून झोपायला गेली.

वांडाने खुर्ची ओढली आणि ती बसली. बराच वेळ तिने तोंडावर हात धरला होता, आणि हसतेय की रडतेय ते लोवेलला कळेना. दहा माणसं आपापल्या घरी कोट घालून बसलेली आणि ही एकटी सॉसेज खातेय! मग तिने विचारलं, आणि तुम्ही?

"मी केस कापून आलो होतो," लोवेल म्हणाला. "आणि माशाच्या वेळी... मला यायचं होतं. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हाच यायचं होतं."

वांडाने डोळे पुसले. आता ती पुन्हा विचारेल, असं लोवेलला वाटलं. सवयच ती, मरत नाही. पण तिने मान हलवली.

"मला एकच गोष्ट तीनदा विचारता येत नाही, लोवेल. माझा तो स्वभावच नाही, आणि या वयात मी तो बदलणारही नाही. मी जूनअखेर चाललेय. मी राहावं असं इथे कुणाला वाटत असेल तर त्याने सांगावं. मला एकदा सांगितलं तरी ऐकू येतं."

लोवेल टेबलाची कड धरून उभा होता. आजवर त्याने कुणाकडे काही मागितलं होतं ते मेरियनकडे, आणि तेही तिसऱ्या खेपेला मिळणार हे माहीत असताना. पहिल्या खेपेला माणूस नाही म्हणतो एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि इथे दुसरी खेप नव्हती.  थोडंफार, जमलं तर, तुमची अडचण नसेल तर, असले सगळे शब्द जिभेवर येऊन उभे राहिले. त्याने ते गिळले.

"राहा," तो म्हणाला. "तुम्ही मला इथे हव्या आहात."

"राहते," वांडा म्हणाली.

आणखी दोनदा विचारायला त्याने श्वास भरून घेतला होता. तो तसाच छातीत राहिला आणि त्याला काही क्षण कळेचना की आता त्याचं काय करायचं.